मूल, घर आणि विद्यापीठ : प्रस्तावना

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे नाव निघाले की शेतकऱ्याला आधी बियाणे आठवते. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी, ‘नांदेड-44’ हा कापसाचा संकरित वाण, किंवा 2018 मध्ये आलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’. पण याच आवारात एक महाविद्यालय असे आहे, की जिथे पिकाऐवजी तीन वर्षांच्या मुलाचे निरीक्षण चालते. ते काय बोलते, पडल्यावर कोणाकडे बघून रडते, शेजारच्याने खेळणे ओढले की काय करते, याच्या नोंदी विद्यार्थिनी घेत असतात. विषयाचे नाव मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास. इथे प्रवेश घेणाऱ्या मुलीला घरचे हमखास विचारतात : मूल वाढवायला विद्यापीठ कशाला लागते? आणि लागलेच, तर ते शेतकीचे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर देण्यासाठी हे पुस्तक लिहिले गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात जावे लागते.

अमेरिकेत 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमीन मिळाली आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी सार्वजनिक महाविद्यालये उभी राहिली. संशोधन करायचे आणि ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायचे, ही त्यांची रीत. शेतकऱ्याच्या बायकोसाठी त्याच रीतीने गृहशास्त्र आले. एलन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने 1899 पासून लेक प्लॅसिड येथे परिषदा भरल्या आणि स्वयंपाक, स्वच्छता, घरखर्च, बालसंगोपन यांना अभ्यासक्रमाचे रूप मिळाले. पुढचे पाऊल आयोवात पडले. कोरा बसी हिलिस या स्वतःची मुले गमावलेल्या बाईने राज्याच्या कारभाऱ्यांपुढे वर्षानुवर्षे एकच मुद्दा लावून धरला : मका आणि डुकरे सुधारायला संशोधन चालते, मग मुलांसाठी का नाही? शेवटी 1917 मध्ये आयोवाच्या सरकारी विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र सुरू झाले. सर्वसाधारण मुलांच्या वाढीचा शास्त्रीय अभ्यास करणारे अमेरिकेतले ते पहिले केंद्र.

भारतात 1960 मध्ये पंतनगरला मॉरिल कायद्यातल्या महाविद्यालयांच्याच नमुन्यावर पहिले कृषी विद्यापीठ झाले. पुढे राज्याराज्यांत कृषी विद्यापीठे निघाली आणि त्यांतल्या अनेकांत शेतीबरोबर गृहविज्ञानही आले. परभणीचे विद्यापीठ 1972 चे, आणि सत्तरच्या दशकातच तिथे गृहविज्ञान महाविद्यालय निघाले. आता त्याला सामुदायिक विज्ञान म्हणतात. शिक्षण, संशोधन आणि विस्तार हे तीन शब्द तिथल्या प्रत्येक विभागाच्या कामात येतात. बालविकासाच्या दृष्टीने त्यांतला तिसरा सर्वांत मोलाचा, कारण त्याच्यामुळे प्राध्यापकाला गावात जावे लागते.

हा झाला बाहेरून आलेला प्रवाह. घरचा प्रवाह वेगळा आहे आणि त्याचा उगम पुण्याजवळच्या हिंगण्याला सापडतो. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये भारतातले पहिले महिला विद्यापीठ काढले. गृहजीवनाचे शास्त्र हा तिथे अभ्यासाचा विषय होता. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. सून इरावतीबाई यांनी डेक्कन कॉलेजात बसून देशभरच्या नात्यागोत्यांचा अभ्यास केला. त्यांचे ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हे पुस्तक 1953 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी रघुनाथराव वारले. बाईने काय शिकावे, मूल कधी आणि किती व्हावे, मामेबहीण लग्नाला चालते की नाही, हे कौटुंबिक अभ्यासाचे तीन मूळ प्रश्न एकाच घरातल्या तिघांनी हाती घेतले. त्यांचे आपसात फारसे जमत असे, असे कोणी म्हणणार नाही. पण या विषयाला मराठीत परंपरा नाही म्हणणाऱ्याने आधी या घराचा हिशेब द्यावा.

त्याच पुण्यात जानेवारी 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. स्त्रीशिक्षण कसे असावे हा तिथला विषय, आणि त्या हालचालीतून 1932 मध्ये दिल्लीला लेडी आयर्विन कॉलेज निघाले. तिथे एस. आनंदलक्ष्मी आणि पुढे नंदिता चौधरी यांच्यासारख्या अभ्यासकांनी भारतीय मुलाचे भारतीय घरातले जगणे हा अभ्यासाचा मुख्य विषय केला.

तिसरी धार शाळेची. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला मॉन्टेसरीच्या तत्त्वांवर बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरीची साधने महाग आणि भद्र घरांतल्या मुलांसाठी. ताराबाईंनी 1945 पासून बोर्डीत आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर तीच तत्त्वे खडे, पाने, बिया आणि शंखशिंपल्यांवर आणून ठेवली. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. ती गुरे चारायला जातात, तर कुरणात न्यावी. अंगणवाडी आणि कुरणशाळा अशा आल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवणारी ‘विकासवाडी’ हा त्याच टेकडीवरचा प्रयोग. मोठी बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे ताराबाईंना दिसले, म्हणून त्यांनी धाकट्याचीही सोय केली. मुलाचा प्रश्न घराच्या प्रश्नाशिवाय सुटत नाही, हे या विषयाचे पहिले तत्त्व कोसबाडला कोणी सिद्धान्त म्हणून मांडले नव्हते. तिथे ते रोजच्या कामात होते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हटले गेले आणि हा शब्द मराठीतून अनेक भारतीय भाषांत गेला. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, त्यांतल्या लाखाहून अधिक महाराष्ट्रात.

विद्यापीठीय बालविकासाचे सर्वांत भरीव काम मात्र झाले बडोद्याला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांच्या काळात, 1950 च्या सुमारास, तिथे गृहविज्ञान शाखा निघाली. बालविकास विभागाला जोडून बालवाडी आली आणि विद्यार्थिनींना शिकण्यासाठी खरी मुले मिळाली. प्रमिला फाटक यांनी इथेच बडोद्याच्या बाळांवर अमेरिकन बेली मापनश्रेणी तपासून पाहिली आणि 1970 मध्ये भारतीय बालकांसाठी स्वतंत्र मापनश्रेणी तयार केली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत; हालचालींचे 67 घटक, बौद्धिक विकासाचे 163. तिची सुधारित आवृत्ती 1997 मध्ये आली. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाची वाढ नीट चालली आहे का, हे पाहताना बालरोगतज्ज्ञ अजूनही ती वापरतात.

अशी मोजमापे इथल्या मातीत बसवण्याचे काम आणखी जुने आहे. धारवाडला वा. वि. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड रूप तयार करून 1934 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नागपूरला मलिन यांनी वेक्सलर यांच्या चाचणीचे भारतीय रूप केले. प्रश्नपत्रिकेचे भाषांतर करणे सोपे. बाहुली कधी न पाहिलेल्या मुलाला बाहुलीचे अवयव विचारून त्याला मंद ठरवणे त्याहून सोपे. म्हणून या मंडळींचे किचकट, कोणाच्या नजरेत न भरणारे काम मोठे मानले पाहिजे.

त्याच बडोद्यात, पण समाजशास्त्राच्या विभागात, कुटुंबाचा अभ्यास वेगळ्या वाटेने चालला होता. आय. पी. देसाई यांनी महुवा या छोट्या शहरातल्या घरांची पाहणी करून दाखवले की चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब विभक्त झाले असे होत नाही. मालमत्ता, देणेघेणे, कार्य आणि कर्तव्य यांत ते एकत्रच राहते. ए. एम. शहा यांनी राधवाणज गावातल्या घरांबरोबर एकोणिसाव्या शतकातली जुनी गणतीही तपासली आणि पूर्वी सगळे एकत्र नांदत, आता सगळे फुटले, या आवडत्या समजुतीलाच धक्का दिला. ‘एकत्र कुटुंब मोडल्यामुळे मुले बिघडली’ असे भाषणात सांगणाऱ्या वक्त्याने शहांचे 1973 चे पुस्तक चाळावे, अशी या निमित्ताने विनंती.

आता सिद्धान्तांकडे. नवशिक्याला इथे नावांची गर्दी भिववते, पण मूळ वाद थोडे आहेत. मूल आतल्या आराखड्याने वाढते की बाहेरच्या हाताने घडते, हा पहिला. येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी शेकडो बाळांचे चित्रण करून कोणत्या महिन्यात काय येते याचे तक्ते बनवले. ती बाळे बहुतांश एका शहरातल्या मध्यमवर्गीय घरांतली होती. जॉन वॉटसन दुसऱ्या टोकाला. त्यांनी 1928 मध्ये आयांना सल्ला दिला की मुलांचे लाड, मुके, मांडीवर घेणे बंद करा, सकाळी हस्तांदोलन पुरे. पणजी घरात असलेल्या कोणत्याही मराठी घरात हा सल्ला एक संध्याकाळही टिकला नसता.

जीन पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांकडे बारकाईने पाहून सांगितले की मूल लहान आकाराचा प्रौढ नसते, त्याच्या विचाराची घडणच वेगळी असते. सदतिसाव्या वर्षी, 1934 मध्ये वारलेले लेव्ह व्हायगॉट्स्की म्हणत होते की विचार आधी माणसामाणसांत घडतो आणि मग मुलाच्या आत उतरतो. एरिक एरिकसन यांनी फ्रॉइडचे सूत्र बालपणापुढे थेट म्हातारपणापर्यंत ओढले. जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आई-बाळाच्या नात्यावर अहवाल लिहिला. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरला त्या नात्याचे प्रकार पाडले. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात आई काही मिनिटे खोलीबाहेर जाते, अनोळखी बाई आत येते आणि बाळ काय करते ते पाहिले जाते.

या प्रयोगापाशी भारतीय अभ्यासक अडखळतो, आणि त्याने अडखळलेच पाहिजे. जे बाळ सकाळी आजीच्या पायांवर न्हाते, दुपारी चुलतीच्या मांडीवर झोपते, संध्याकाळी आत्याच्या कडेवर पारावर जाते, त्याला ‘अनोळखी’ कोण? आणि आई गेल्यावर ते रडले नाही, तर त्याचे आईशी नाते कच्चे म्हणायचे का? सुधीर कक्कर यांनी 1978 मध्ये भारतीय बालपणाचे अंतरंग मनोविश्लेषणातून वाचले. सुसान सेमूर यांनी भुवनेश्वरच्या घरांत अनेक वर्षे जाऊन अनेक हातांनी होणारे संगोपन नोंदवले. बडोद्याच्या टी. एस. सरस्वती यांनी 1999 मध्ये विचारले की भारतात किशोरावस्था हा टप्पा सगळ्यांच्या वाट्याला येतो तरी का. ज्या मुलीचे न्हाण आल्याबरोबर लग्न ठरते, तिच्या आयुष्यात ‘स्वतःचा शोध घेण्याची वर्षे’ कुठे बसवायची? जगातल्या मानसशास्त्राचा बहुतेक पुरावा पाश्चात्त्य, शिकलेल्या, सुखवस्तू समाजांतून आलेला आहे, ही टीका 2010 नंतर पश्चिमेतच गाजली. बडोदा आणि दिल्लीच्या वर्गांत ती त्याआधीच चालू होती.

कॉर्नेल विद्यापीठातले युरी ब्रॉनफेनब्रेनर यांची 1979 ची मांडणी आपल्याला अधिक उपयोगी पडते. मुलाभोवती घर, शाळा, शेजार; त्यापलीकडे आईबापांचे कामाचे ठिकाण, जिथे मूल कधी जात नाही पण जिथल्या निर्णयांनी त्याचे आयुष्य हलते; त्याही पलीकडे कायदे, बाजार, रूढी. परभणी किंवा बीडच्या विद्यार्थिनीला हे समजायला आकृती लागत नाही. दिवाळीआधी मुकादम ऊसतोडीसाठी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. गाव सुटते, पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत काढायचे. धाकटे मूल बरोबर, कारण ते अंगावर पिते. मधली मुलगी बरोबर, कारण धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवे. मोठा मुलगा आजीपाशी, शाळेसाठी. एका उचलीने तीन भावंडांची तीन बालपणे ठरली. त्यांतल्या मधल्या मुलीची शाळा एप्रिलमध्ये परत सुरू होत नाही. लग्न लवकर उरकले की नवा कोयता तयार होतो, आणि मागे ठेवलेल्या वयात आलेल्या मुलीची चिंताही मिटते, असा घरचा हिशेब असतो. साखरशाळा झाल्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. पण या मुलांचे शिक्षण, आईचे आरोग्य आणि मुकादमाचा हिशेब यांचा एकत्र विचार एकही सरकारी खाते करत नाही. तो विचार करण्याची सवय याच विषयाने लावायची आहे.

आकडे फार लागत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली; आधीच्या पाहणीपेक्षा थोडी जास्तच. 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली, त्यांचे राज्यातले प्रमाण सुमारे 22 टक्के, आणि परभणी जिल्ह्यात 48. बालविकास शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेरचा हा आकडा आहे. विभागाच्या संशोधनाचे विषय निवडताना तो भिंतीवर लावून ठेवावा.

दुसरीकडे शासनाला एकाएकी या ज्ञानाची गरज भासू लागली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. अंगणवाडी सेविकेने आता आहार, वजन, लसीकरण यांबरोबर शिकवणेही अपेक्षित आहे, आणि तेही तुटपुंज्या मानधनावर, मोबाइलवरच्या नोंदी सांभाळून. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशक आणले. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार जिल्ह्याजिल्ह्यात बालसंरक्षणाची यंत्रणा असते. 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. या सगळ्या जागी मूल आणि घर दोन्ही समजणारी माणसे हवीत. खाजगी अभ्यासक्रम शहरी पूर्वप्राथमिक शाळांसाठी शिक्षिका पुरवतील. खेड्यातल्या मुख्यसेविकेला तयार करण्याचे काम सार्वजनिक विद्यापीठाखेरीज कोणी करणार नाही, कारण त्यात पैसा नाही.

विद्यापीठांची स्थिती मात्र अभिमानाने सांगावी अशी नाही. ‘मुलींचा विषय’ हा शिक्का पुसलेला नाही, आणि तो लावणाऱ्यांत इतर शाखांचे प्राध्यापक पुढे असतात. बाप हा संशोधनातून जवळजवळ गायब आहे. मराठीत पाठ्यपुस्तके आहेत, पण पुष्कळ वेळा ती इंग्रजी पुस्तकांची सावली असतात. त्यांतले मूल पाळण्यात वेगळ्या खोलीत झोपते, आणि वाचणारी विद्यार्थिनी आईच्या कुशीत झोपून मोठी झालेली असते.

विषयाच्या इतिहासात लाज वाटावी अशीही पाने आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कॉर्नेलमध्ये 1920 पासून अनाथालयातली बाळे आणून विद्यार्थिनींना ‘सरावासाठी’ दिली जात. आळीपाळीने अनेक जणी त्यांच्या आया होत. आयोवाच्या विद्यापीठात 1939 मध्ये तोतरेपणाच्या प्रयोगासाठी अनाथ मुलांचे बोलणे मुद्दाम सदोष ठरवले गेले. विद्यापीठाने माफी मागितली ती 2001 मध्ये. आणि त्याच आयोवात हॅरोल्ड स्कील्स यांनी दाखवले, की अनाथालयातून काढून माया करणाऱ्या बायकांच्या सहवासात ठेवलेली तेरा मुले सावरली, पुढे सगळी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मागे राहिलेल्या बाराजणांपैकी बहुतेकांचे तसे झाले नाही. तीच संस्था, तोच काळ. मुलांवर संशोधन करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न म्हणून या पुस्तकात शेवटच्या परिशिष्टात ढकललेला नाही.

पुस्तकाची मांडणी वयाच्या पायऱ्यांनी केलेली नाही. जन्म, बाल्य, कौमार्य असे सरळ चढत जाण्याऐवजी मूल जिथे राहते तिथून पुस्तक सुरुवात करते : वाडी, पाडा, चाळ, फ्लॅट, उसाचा फड, आश्रमशाळा, आणि आजीला व्हिडिओ कॉलवर ओळखणारे परदेशातले मराठी घर. सिद्धान्त त्या त्या घरात येतात आणि तिथे टिकतात की नाही हे वाचकाने पाहायचे. त्यामुळे काही सिद्धान्त दोनदा भेटतील, काही ओझरते. संगोपनाचे सल्ले शोधणाऱ्या पालकाची इथे निराशा होईल. बाळाला कोणत्या महिन्यात काय भरवावे, हे सांगणारी चांगली पुस्तके मराठीत आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी, दहा वर्षे अंगणवाडी चालवलेली सेविका आणि कौटुंबिक न्यायालयात नव्याने रुजू झालेला समुपदेशक, हे तीन वाचक संपादकांच्या डोळ्यांपुढे आहेत. तिघांची भाषा एक नाही, आणि काही पाने एकाला सोपी, दुसऱ्याला जड वाटतील.

विद्यार्थ्यांना एक विनंती. पहिला भाग वाचून झाला की पुस्तक मिटून जवळच्या अंगणवाडीत जावे, सेविकेची आणि आईची परवानगी घ्यावी, आणि एका मुलाकडे तासभर नुसते पाहावे. काय दिसले ते लिहावे. काय वाटले ते वेगळ्या पानावर. मग दुसऱ्या भागाकडे वळावे. नोंदवहीत मुलाचे खरे नाव लिहू नये.